बालशिक्षणात करिअर करायचंय, कोर्स कुठला घ्यावा?

आकडेमोड: मंडळी, सल्ला हवाय. पस्तिशी आलीये, इतकी वर्षं अकाउंट्समध्ये गेली, आता लहान मुलांना शिकवायचं असं डोक्यात पक्कं बसलंय. डिप्लोमा करावा की सरळ डिग्री? माँटेसरी, प्लेवे काय काय दिसतंय, जाहिराती सगळ्यांच्याच गोड. ऑनलाइन चालतं का? घरचे म्हणतात, तुला मुलं आवडतात ना, मग जमेल की!

खडूफळा: आवड लागतेच, पण तेवढ्यावर भागत नाही हो. आधी वयोगट ठरवा, मग कोर्स. बालशिक्षण म्हणजे साधारण जन्मापासून 8 वर्षांपर्यंत धरतात आणि त्यात दीड वर्षाचं मूल आणि साडेपाच वर्षांचं मूल म्हणजे दोन वेगळ्या नोकऱ्याच समजा. लहानग्यांकडे डायपर, झोप, भरवणं. लोक हे काम हलकं समजतात पण भाषा तिथेच रुजत असते, डायपर बदलताना तुम्ही त्याच्याशी बोलताय की घाईत गप्प उरकताय यानेसुद्धा फरक पडतो. मोठ्यांकडे प्रश्न, भांडणं आणि 'टीचर हा मला ढकलतो'. कुठे जीव रमतो ते आठवडाभर वर्गात बसल्याशिवाय कळणार नाही, तेव्हा फी भरायच्या आधी ते करा.

मधलीसुट्टी: +१. माँटेसरीबद्दल थोडं सांगते. ही पद्धत ज्यांच्या नावाची, त्या मारिया माँटेसरी बाईंनी पहिलं बालगृह (म्हणजे लहान मुलांची शाळा) 1907 मध्ये रोमला काढलं, पण आज त्या नावाची पाटी कुणीही लावू शकतं, त्यामुळे नावावर भुलू नका. सर्टिफिकेटला मान्यता कुणाची आणि प्रत्यक्ष मुलांसोबत किती तास, हे दोनच प्रश्न धरून बसा. बाई आणि त्यांच्या मुलाने 1929 मध्ये आंतरराष्ट्रीय माँटेसरी संघटना काढली, तिचा डिप्लोमा बऱ्याच देशांत चालतो.

ऑनलाइनचं म्हणाल तर थिअरीला ठीक. माँटेसरी वर्गात तो गुलाबी मनोरा असतो ना, 10 ठोकळे, सगळ्यात छोटा 1 सेंमीचा आणि मोठा 10 सेंमीचा, तो कसा मांडायचा हे व्हिडिओत दिसेल. पण मूल चुकीचा ठोकळा वर ठेवतंय, तुमचा हात आपोआप पुढे जातोय आणि तो मागे घ्यायचाय, ही सवय वर्गातच लागते, तीही कुणी अनुभवी बाई मागे बसून बघत असेल तर.

पाटीपेन्सिल: कुणी बोलत नाही ते मी बोलते. पगार. अकाउंट्सच्या तुलनेत पहिली काही वर्षं कमीच मिळेल, घरात हिशोब आधीच मांडून ठेवा (तुम्हाला काय सांगायचं म्हणा). मुलांची सर्दी पहिल्या वर्षी तुम्हालाही होणार, आणि सतत वाकून कंबर बोलायला लागते.

शिवाय निम्मं काम पालकांचं. दोन वर्षांच्या मुलाची आई काळजीने सांगते, हा कुणात मिसळतच नाही, बाजूला बसून एकटाच खेळतो. त्या वयात शेजारी बसून आपापलं खेळणं हेच मिसळणं असतं, मुलांच्या खेळाच्या अभ्यासक मिल्ड्रेड पार्टन यांनी 1932 मध्येच हा टप्पा मांडलाय. पण हे आईला ती दुखावणार नाही असं समजवायचं म्हणजे कसरत. कोर्समध्ये बालविकास नीट शिकवत असतील तर बोलायला बळ येतं, म्हणून सिलॅबस मागून घ्या. नुसतं हस्तकला आणि गाणी असतील तर पैसे वाचवा.

डिग्रीचं एवढंच की पुढे मुख्याध्यापक व्हायचंय किंवा सरकारी शाळेत जायचंय तर ती लागू शकते, नियम जागोजागी वेगळे. नोकरी चालू ठेवून करायचं असेल तर डिप्लोमापासून सुरुवात बरी.

आकडेमोड: बापरे, किती नीट सांगितलंत सगळ्यांनी! पगाराचं माहीत होतं, कंबरेचं नव्हतं 😄 आधी तीन ते सहाच्या वर्गात बसून बघते. तिथे नेमकं काय बघायचं? वही नेली तर चालते का?

खडूफळा: न्या की, पण आधी बाईंना विचारा, फोन बॅगेत ठेवा आणि फोटो अजिबात नको. एकच मूल धरा, अर्धा तास फक्त ते काय करतं तेवढंच लिहा. 'हट्टी आहे' असं नाही लिहायचं, 'झाकण तीनदा लावायचा प्रयत्न केला, मग डबा फेकला' असं लिहायचं. आणि बाई किती वेळा खाली बसून मुलाच्या डोळ्यांत बघून बोलतात, किती वेळा लांबून ओरडतात, तेही टिपा. त्या शाळेत नोकरी मागायची का नाही ते तिथेच कळेल.