क्लोरीन गळाला तर कामगारानं पळायचं की व्हॉल्व्ह बंद करायचा?

टनरवाला
१९८९च्या धोकादायक रसायनांच्या नियमांत आतल्या आपत्कालीन आराखड्याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी सांगितली आहे. ती बहुधा सकाळी अकराला, साहेब आल्यावर उरकते. भोंगा, गेटपाशी हजेरी, फोटो, चहा. गळती मात्र टनर (क्लोरीनची सुमारे ९०० किलोची टाकी) बदलताना होते, आणि टनर रात्री तीनलाही संपतो.

माझं मत: तालमीचा तमाशा कमी करा आणि प्रत्येक पाळीत दोघांचा हात बसवा. रिकाम्या टनरवर आठवड्यातून वीस मिनिटं पुरतात. शिकवायचं एवढंच: जोडणी करताना शिशाचं वॉशर दर वेळी नवं. स्पॅनर २०० मिमीचाच, कारण लांब दांड्यानं स्पिंडल (व्हॉल्व्हची फिरणारी कांडी) तुटतं. व्हॉल्व्ह पाव फेरा उघडायचा आणि अमोनियाच्या पाण्याचा बोळा जोडाजवळ धरायचा; पांढरा धूर दिसला की गळती आहे. ग्लँडमधून (कांडीभोवतीच्या पॅकिंगमधून) गळत असेल तर व्हॉल्व्ह बंद करून ग्लँड नट हलकेच आवळायचा. टाकीच्या अंगातून द्रव येत असेल तर टनर फिरवून भोक वर आणायचं, म्हणजे द्रवाऐवजी वायू निघतो. एक लिटर द्रवाचा साधारण ४६० लिटर वायू होतो, त्यामुळे या एका हालचालीनं गळती कितीतरी पटींनी घटते.

वाळूज_रात्रपाळी
दादा, दोघांना शिकवून बाकीच्या चाळीस जणांचं काय? टनर उतरवणारा हमाल ठेकेदाराचा, तो महिन्याला बदलतो. पिवळट हिरवा वायू दिसला की हा हमाल खाली बसतो, नाहीतर वाऱ्याच्या दिशेनं सुटतो. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, तो नाल्यात आणि तळघरात साचतो. हिवाळ्यातल्या निवांत रात्री तर जागचा हलत नाही.

हमालाला व्हॉल्व्ह शिकवू नका, पण विंड सॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) बघून वाऱ्याला आडवं निसटायचं, मग वाऱ्याच्या उलट्या अंगाला आणि चढावर, हे गेट पास देतानाच चालवून दाखवा. कागदावर सही घेणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या कलम १११-अ नं सुरक्षेची माहिती आणि प्रशिक्षण हा कामगाराचा हक्क केला होता, तिथं कायम आणि कंत्राटी असा फरक नव्हता.

कॉस्टिक_काका
दोघांचंही अर्धं बरोबर. आधी सामान बघा. बीए सेटशिवाय (पाठीवरच्या बाटलीतून श्वासाला हवा देणाऱ्या संचाशिवाय) व्हॉल्व्ह शिकवला तर माणसाला नुसतं धाडस येतं, आणि असला शिकलेला गडीच आधी आत घुसतो. कॅनिस्टर मास्क हवा फक्त गाळतो, ऑक्सिजन देत नाही, म्हणून तो बाहेर पडण्यापुरता. १० पीपीएमलाच (हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग) जिवाला धोका धरतात, आणि टनरजवळ त्याच्या कितीतरी पट असतं.

सहा लिटरची बाटली ३०० बारला भरली तर १८०० लिटर हवा. कागदावर ४५ मिनिटं, पण घाबरलेल्या, राबणाऱ्या माणसाला २५ ते ३०. काटा २०० वर असेल तर त्याच्याही दोन-तृतीयांश. साधारण ५५ बारला शिट्टी वाजते, तेव्हा काम अर्धवट टाकून परत फिरायचं. दाढी असेल तर मुखवटा बसत नाही, हे भरतीच्या वेळीच सांगा. भांडण नंतर नको.

गळलेला क्लोरीन शोषून घ्यायला हौदात कॉस्टिक सोड्याचं द्रावण ठेवतात, त्याचा हिशेबही बघा. एका किलो क्लोरीनला १.१३ किलो कॉस्टिक, म्हणजे पूर्ण टनरला एक टनाच्या वर. २० टक्क्यांच्या द्रावणात ते पाच टन होतं. हौदात इतकं असतं का? आणि उघड्या हौदातलं कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन मरतं, म्हणून ताकद तपासून नोंद ठेवावी लागते. नुसता भरलेला हौद बघून खूश होणारे बरेच.

वाळूज_रात्रपाळी
काका, पाणी मारायची सवय मोडा हे राहिलं. अमोनियाच्या ढगावर पाण्याचा पडदा चालतो, म्हणून लोक क्लोरीनच्या गळतीवरही पाइप सोडतात. पाण्यानं आम्ल होतं, धातू खातं आणि भोक मोठं होतं. (अमोनियातही सांडलेल्या द्रवावर थेट पाणी नको, तो जास्त उकळतो.) बर्फ बनवणाऱ्या कारखान्यांतली आणि पाणीपुरवठ्याची माणसं एकाच वर्गात बसवून "गॅस गळती" शिकवली की हाच घोळ होतो.

टनरवाला
पाण्याचं मान्य. पण "आधी सामान" म्हटलं की प्रशिक्षण वर्षभर टेंडरात अडकतं. शिवाय सामान आणलं तरी ते कपाटात, आणि किल्ली दिवसपाळीच्या सुपरवायजरच्या खिशात. मे महिन्यात लातूर-परभणीकडं टनर उन्हात ठेवलेले दिसतात, त्याला कुठलं टेंडर लागतं? टनरला वितळणारे प्लग असतात आणि ते सत्तर अंशांच्या आसपास सुटतात. उन्हानं लगेच सुटत नाहीत, पण शेजारी गवत किंवा टायर पेटला तर सुटतातच. जास्त ओढ घेतल्यानं टनरवर बर्फ धरला की त्यावर गरम पाणी ओतायची रीतही याच खात्यात धरा.

आराखडा_८०
तुम्ही सगळे सहा महिन्यांचा नियम गृहीत धरताय. तो लागू व्हायला क्लोरीनचा साठा १० टन लागतो. अकरा टनर म्हणजे ९.९ टन! मधल्या आकाराच्या कितीतरी पाणी केंद्रांना रंगीत तालमीची सक्तीच नाही, आणि तिथंच रात्री एकटा माणूस असतो.

मग "पळा, बाहेरचे येतील" यात बाहेरचे म्हणजे कोण? राष्ट्रीय आपत्ती दलाची तुकडी पुण्याजवळ, राज्याची धुळ्यात आणि नागपुरात. आपण मराठवाड्यातले बरोबर मधल्या पोकळीत. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे किल्लारीत पहिला दगड शेजाऱ्यानंच उचलला. फरक एवढाच की ढिगाऱ्यात शेजारी धावून जाणं योग्य, क्लोरीनमध्ये मात्र धावून गेला की तोच दुसरा बळी.

कॉस्टिक_काका
म्हणून दोन माणसांचा हट्ट योग्य आहे. एक सेट घालून आत, दुसरा सेट घालूनच बाहेर थांबणार. एकट्या रात्रपाळीच्या माणसाला मात्र सरळ पळायचं, आणि वाटेत बाहेरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद होतो का ते बघायचं.

वाळूज_रात्रपाळी
"वाटेत" हा शब्द धोक्याचा आहे. व्हॉल्व्ह वाटेवर नसेल तर तो त्यासाठी परत वळणार. आधी तो व्हॉल्व्ह गेटाकडच्या बाजूला आणा, मग शिकवा.