मदत हवी आहे: निवडणुकीआधी ग्रामपंचायतीच्या पाच वर्षांचा हिशेब गावापुढे कसा मांडावा?

खाडीकाठ:

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून लिहिते आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. मला जे विचारायचं आहे ते कुणा एका सरपंचाच्या किंवा पॅनेलच्या विरोधात नाही, आणि ते तसं वळू नये हीच माझी सगळ्यात मोठी काळजी आहे.

आमची ग्रामपंचायत नऊ सदस्यांची, तीन प्रभाग. मुदत संपत आली आहे. बचत गटातल्या आम्ही काही जणी आणि वरच्या वाडीतली मुलं दरवर्षी दिवाळीनंतर पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, बंधारा घालतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गोळा करायच्या, माती-रेती भरायची, तोंडं सुतळीनं शिवायची आणि दगडांच्या आधारानं थर लावत जायचं. पाणी अडलं की खालच्या विहिरी एप्रिलपर्यंत तग धरतात. यंदा गोण्या भरताना एका काकींनी विचारलं, "आपण दरसाल राबतो ते बरंच आहे, पण नळ आले होते ना? त्यांचं काय झालं?" कुणालाच नीट सांगता येईना.

नळ आले आहेत हे खरं. जलजीवन मिशनमधून टाकी बांधली, वरच्या वाडीपर्यंत पाइप गेला, घराघराच्या पडवीशेजारी तोटी बसली. माणशी दिवसाला 55 लिटर पाणी द्यायचं असं योजनेत आहे. पावसाळ्यात येतंही. फेब्रुवारी सरला की तोटी उघडल्यावर आधी नुसती हवा फुसफुसते, मग लालसर पाणी तांब्याभर पडतं आणि संपलं. टाकीवरच्या फलकावर काम पूर्ण झाल्याची तारीख आहे, रकमेचा आकडा उन्हापावसानं उडालाय. विहीरच आटते, की मोटार लहान पडते, की वीजबिल थकलंय, यावर गावात जितकी घरं तितकी मतं आहेत. आणि मतदानही याच ऐकीव गोष्टींवर होणार.

म्हणून आम्ही असं ठरवतोय की एक पानभर कागद तयार करायचा. पाच वर्षांत किती पैसे आले, कशावर गेले, काय अर्धवट राहिलं, एवढंच. कुणाला मत द्या हे त्यावर नसेल. तो वाडीवाडीत वाचून दाखवायचा आणि मग जे कुणी उभे राहतील त्या सगळ्यांना एका जागी बोलावून प्रश्न विचारायचे.

अडचण अशी की आमच्याकडे निवडणूक लागली की आधी सहाणेवर (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर) गावकीची, म्हणजे गावातल्या मानकरी-जाणत्यांची, बैठक बसते. मुंबई मंडळाचे, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या आमच्या गावकऱ्यांच्या संघटनेचे, पदाधिकारी येतात. बिनविरोध करायचा प्रयत्न होतो आणि देवळाच्या कामाला कोण किती देणार हेही त्याच बैठकीत बोललं जातं. बायका त्या बैठकीला नसतात. राखीव जागेवर कोण बाई उभी राहणार हेसुद्धा तिथेच ठरतं, तिला स्वतःला संध्याकाळी कळतं. मी नुसता विषय काढला तर घरातूनच "मुंबईकर काय म्हणतात ते बघू" असं उत्तर आलं.

दुसरं म्हणजे माहिती कुठून मिळवायची? कार्यालयात तोंडी विचारलं तर "दप्तर तपासणीला गेलंय" म्हणून सांगितलं. सरळ माहितीचा अधिकार वापरला तर गावात भांडण लावलं असं होईल का? आणि बचत गटाच्या नावानं हे केलं तर गटावर एखाद्या पॅनेलचा शिक्का बसेल याचीही धास्ती आहे. गटावर कित्येक जणींचा संसार चालतो.

कुणी असं काही केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

---

निवृत्त_ग्रामसेवक:

ताई, मी रायगड आणि रत्नागिरीत नोकरी केली. आता आमच्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण लोक ग्रामसेवकच म्हणतात, तर मीही तसंच लिहितो.

आधी नळाचं बघा, कारण तुमचा सगळा कागद त्यावरच उभा राहणार आहे. जलजीवनच्या योजनेचं काम बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडून होतं. निविदा, ठेकेदार, बिलं सगळं तिकडे. काम पुरं झालं की योजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित होते आणि तिथून पुढे मोटार, वीजबिल, पाणीपट्टी, दुरुस्ती ही पंचायतीची जबाबदारी. तेव्हा पहिला प्रश्न एकच विचारा: योजना ताब्यात घेतली आहे का, आणि कोणत्या तारखेला? घेतली नसेल तर कोरड्या तोटीचा दोष सरपंचावर टाकणं अन्यायाचं होईल. घेतली असेल तर उन्हाळ्यात विहीर आटते हे माहीत असून ताब्यात का घेतली, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. माझ्या नोकरीत मी पाहिलंय, हा एक कागद लोक मागत नाहीत आणि वर्षानुवर्षं चुकीच्या माणसाला बोल लावतात.

गावात पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिच्यात निम्म्या तरी स्त्रिया असायला हव्यात. तुमच्या गटातली कुणी त्यात असेल. नावं बघा. अनेकींना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नसतं.

आता पंचायतीच्या स्वतःच्या पैशाचं. 2021 ते 2026 साठीच्या 15व्या वित्त आयोगाचा निधी साठ टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच, त्यातला अर्धा पिण्याचं पाणी आणि पाणी साठवण्यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. राहिलेला चाळीस टक्के पंचायतीनं गरजेप्रमाणे वापरायचा. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की वर्षवार आराखडा आणि खर्च दिसतो. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, अर्जही नाही. 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात कोणती कामं धरली होती तेही तिथेच बघा.

आणि तिसरी गोष्ट. ग्रामपंचायत अधिनियम 1958 चं कलम 8 वाचा. आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षासाठीची कामं आणि लेखापरीक्षणाचे शेरे मांडणं पंचायतीवर बंधनकारक आहे. म्हणजे तुम्ही जो हिशेब मागताय तो कायद्यानं दरवर्षी तुमच्यापुढे यायलाच हवा होता. त्यामुळे माहितीच्या अधिकाराआधी साधा अर्ज द्या: "गेल्या पाच वर्षांत कलम 8 प्रमाणे ग्रामसभेपुढे ठेवलेल्या कागदांच्या प्रती मिळाव्यात." अर्जाची पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका.

---

चाकरमानी_गिरगाव:

मी मुंबई मंडळात काम करतो, तुमच्या गावात नाही, शेजारच्या तालुक्यात. थोडी आमचीही बाजू.

गावातल्या पाखाड्या (दगडी पायवाटा), शाळेचं छप्पर, स्मशानशेड, सगळ्याला मंडळानं वर्गणी काढली. ती देणाऱ्याला गावात काय चाललंय हे विचारावंसं वाटतंच. बिनविरोधामागे सगळीकडे वाईट हेतू नसतो. आमच्याकडे एका निवडणुकीनंतर दोन वाड्यांनी शिमग्याला एकमेकांच्या दारात पालखी न्यायची बंद केली होती. ते पुन्हा जुळवायला किती माणसं झिजली ते मी पाहिलंय. तेव्हा गावकीला बाजूला सारून काही करू नका. मंडळाच्या अध्यक्षांना आधी फोन करा.

---

खाडीकाठ:

@चाकरमानी_गिरगाव, दादा, वर्गणीचं मोल आम्ही नाकारत नाही. शाळेचं छप्पर आमच्याकडेही मुंबईकरांनीच घातलं. भांडण नको हेही मान्य. पण गावात बाराही महिने राहणाऱ्या बाईला पाण्याच्या प्रश्नावर बैठकीत बोलायला जागा नाही, आणि वर्षातून गणपती-शिमग्याला येणाऱ्याला आहे, हे मला पटत नाही. फोन करते. मात्र परवानगी मागायला नाही, कळवायला करीन.

@निवृत्त_ग्रामसेवक, काका, हस्तांतरणाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. समितीची नावंही बघते. फार उपकार.

---

वकील_चिपळूण:

दोन-तीन गोष्टी कायद्याच्या.

बिनविरोध निवड बेकायदेशीर नाही. बाकीच्यांनी स्वखुशीनं अर्ज मागे घेतले तर तो त्यांचा प्रश्न. पण पदाच्या बदल्यात देवळाला किंवा गावाला रक्कम ठरवणं हा लिलाव झाला. जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगानं नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींची निवडणूक प्रक्रिया याच कारणावरून रद्द केली होती. तुमच्या गावकीतल्या जाणत्या माणसांना हे उदाहरण शांतपणे सांगा. देवस्थानाची देणगी वेगळ्या दिवशी, वेगळ्या बैठकीत घ्या म्हणावं. बरेच लोक ऐकतात, कारण निवडणूक रद्द व्हावी असं कुणालाच वाटत नाही.

दुसरं, मुंबईकरांच्या गावातल्या मतदानाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विषय निघेलच. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या मतदारयादीवरूनच प्रभागवार तयार होते. लोकप्रतिनिधित्व कायदा 1950 प्रमाणे एका माणसाचं नाव दोन ठिकाणी असू शकत नाही, आणि गावात घर आहे एवढ्यानं तो तिथला रहिवासी ठरत नाही. नाव नोंदवताना खोटं निवेदन केलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. पण माझा आग्रहाचा सल्ला असा की दुसऱ्याची नावं काढायला फॉर्म 7 भरत सुटू नका. तुमचा कागद त्या दिवशी संपेल. त्यापेक्षा वाडीतल्या नव्या सुना आणि नुकत्याच 18 पूर्ण झालेल्या मुलामुलींची नावं आहेत का ते बघा. नवीन नावाला फॉर्म 6, माहेरून सासरी नाव आणायला फॉर्म 8. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो, कारण यादी ठरलेल्या तारखेची धरतात.

माहितीचा अधिकार वापरावा लागलाच तर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. उत्तराला 30 दिवस. स्वतःच्या नावानं द्या, गटाच्या नाही. कागदावरही गटाचं नाव नको, "वाडीतले मतदार" पुरे. छापणार असाल तर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं खाली टाका.

---

राजापूरची_सून:

ताई, आम्ही मागच्या निवडणुकीला उमेदवारांची सभा घेतली होती, म्हणून सांगते.

जागा फार विचारानं निवडा. सहाणेवर घेऊ नका. तिथे बसण्याचा मान, बोलण्याचा मान सगळं ठरलेलं असतं, बायका मागे उभ्या राहतात आणि तशाच घरी जातात. आम्ही एका घराच्या खळ्यात घेतली, काजूच्या बिया वाळत टाकतो तिथे. सगळे जमिनीवर, उमेदवारही. तेवढ्यानं अर्धा फरक पडला.

प्रश्न आधी चिठ्ठीवर घेतले. सासूसमोर, दिरासमोर सून उभं राहून विचारणार नाही, पण चिठ्ठी टाकते. शाळेतल्या एका मुलीनं वाचून दाखवले. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, तेवढाच वेळ. आमच्याकडे एका चिठ्ठीत होतं, "वहाळावरचा साकव मोडलाय, माझा मुलगा पावसात शाळेत कसा जाणार?" सगळे गप्प झाले. निवडून आलेल्यानं तो साकव पहिल्या पावसाआधी करून घेतला, कारण सगळ्यांदेखत कबूल केलं होतं.

एक उमेदवार आला नाही. त्याच्याबद्दल आम्ही कुणालाही काही बोलू दिलं नाही. हे पाळलंत तर शिक्का बसत नाही.

आणखी एक, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मतदान कसं करायचं तेही समजावा. 2022 पासून सरपंच पुन्हा थेट लोकांतून निवडतात. म्हणजे तुमच्या प्रभागात तीन सदस्य असतील तर एका बाईला चार मतं द्यायची असतात, तीन सदस्यांची आणि एक सरपंचाचं. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका एक बटण दाबून निघायच्या, मग कर्मचारी हाका मारायचे, त्या घाबरायच्या. आम्ही पुठ्ठ्यावर चार रंगीत कागद चिकटवून घरोघरी दाखवलं. नावं-चिन्हं काहीच नाही, नुसते रकाने. ज्या जागेसाठी कुणीच पसंत नाही तिथे 'वरीलपैकी कोणीही नाही' दाबता येतं हेही सांगितलं.

---

निवृत्त_ग्रामसेवक:

वर राजापूरच्या ताईंनी सांगितलं ते उत्तम. माझी एक भर. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. तिथे पाण्याचा ठराव करा आणि तो ग्रामसभेत वाचायला लावा. ग्रामसभेला गणसंख्या मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी कमी असेल ती. तेवढे लोक जमले नाहीत म्हणून सभा तहकूब झाली तर पुन्हा होणाऱ्या सभेला गणसंख्या लागत नाही, आणि मग कुणी नसताना ठराव होऊन जातात. तहकूब सभेची तारीख विसरू नका.

कागदावर तीनच रकाने ठेवा: मंजूर किती, खर्च किती, आज जागेवर काय आहे. तिसरा रकाना तुम्ही स्वतः जाऊन बघून भरा. शेरा, विशेषण काहीही लिहू नका.

---

खाडीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. ई-ग्रामस्वराजवर आमच्या गावची कामं मिळाली. पाण्याच्या बंधित निधीतून विहिरीचा गाळ काढल्याची नोंद आहे. वरच्या वाडीतली मुलं विहीर बघून फोटो काढून आणणार आहेत. कलम 8 चा अर्ज लिहिला, पोच मिळाली. समितीच्या यादीत आमच्या गटातल्या दोघींची नावं निघाली, एकीला तर रजिस्टरवर सही केल्याचंही आठवत होतं, पण कशासाठी ते कुणी सांगितलं नव्हतं. आता त्या दोघीच हस्तांतरणाचा कागद मागणार आहेत, सदस्य म्हणून.

मंडळाच्या अध्यक्षांशी बोलले. त्यांनी नाही म्हटलं नाही, पण कागद आधी त्यांना दाखवावा असं त्यांचं म्हणणं आहे. मी म्हटलं, वाडीत वाचू त्याच दिवशी तुम्हालाही पाठवते.

आता एकच अडलंय. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे योजनेच्या उद्भवाची, म्हणजे विहिरीच्या उन्हाळ्यातल्या क्षमतेची चाचणी झाली होती का, हे विचारायचं आहे. त्या चाचणीच्या अहवालाला कार्यालयात नेमकं काय म्हणतात आणि अर्जात ते कसं लिहावं? कुणाकडे अशा अर्जाचा मसुदा असेल तर इथेच टाका, म्हणजे दुसऱ्या गावांनाही वापरता येईल.