मदत हवी आहे: साइटवर पडला, ठेकेदार हात वर करतोय

मंडळी, माझा मावसभाऊ सेंट्रिंगचं काम करतो, मागच्या महिन्यात गोव्यात पर्वरीला एका साइटवर परांची सुटली आणि हा पहिल्या मजल्यावरून खाली, मांडीचं हाड मोडलं, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ऑपरेशन होऊन रॉड घातलाय. बेल्ट नाही, जाळी नाही, काहीच नव्हतं. ठेकेदाराने सुरुवातीला दहा हजार हातावर ठेवले आणि आता फोनच उचलत नाही, बिल्डर म्हणतो तो माझा माणूसच नाही.

माझ्या ऐकण्यात असं आहे की ठेकेदाराने नाही दिलं तर मूळ मालकाकडूनही (म्हणजे इथे बिल्डरकडूनही) भरपाई मागता येते, १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात तसं होतं आणि नव्या सोशल सिक्युरिटी कोडमध्येही आहे, अर्ज २ वर्षांच्या आत करायचा. पण पगार रोख मिळायचा, हजेरी मुकादमाच्या वहीत. मग तो तिथे कामाला होता हे सिद्ध कसं करायचं? सोबतचे दोघे साक्ष द्यायला तयार आहेत (सध्या तरी), जीपेवर आलेले दोन-तीन उचलीचे पैसे दिसतात, ते चालतील का?

आणि बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदवलेलं नाही, आता काही होईल का? पणजीला लेबर कमिशनरकडे आधी जावं की पोलिसात? ठेकेदार कोऱ्या कागदावर सही मागतोय, ती मी देऊ दिलेली नाही. कुणी यातून गेलं असेल तर सांगा, घरात दोन लहान पोरं आहेत.