घरगुती कोल्ड एअर इनटेक: पीव्हीसी पाइप चालेल का?

खाडीकाठ: गाडी १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, टर्बो नाही. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना मे महिन्याच्या दुपारी एसी लावला की गाडी रडते. इंजिनला बाहेरची गार हवा (कोल्ड एअर इनटेक) मिळावी म्हणून एअर फिल्टरचा मूळ डबा काढून पीव्हीसी पाइपला कोनिकल फिल्टर लावायचा विचार आहे, बजेट हजारभर. पाइप किती मिमीचा घ्यावा? फिल्टर बंपरमागे खाली नेला तर? ॲव्हरेज वाढेल का?

घाटउतार: डबा काढू नका. बॉनेटखालचा उघडा फिल्टर रेडिएटरवरून आलेली गरम हवाच ओढतो. आवाज वाढतो आणि पिकअप वाढल्यासारखा वाटतो, एवढंच.

आधी फिल्टर बाहेर काढून बघा. जांभ्याच्या तांबड्या धुळीने तो बदलायचे ठरलेले किलोमीटर भरायच्या आधीच चोंदतो. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

तरी करायचंच असेल तर डब्याच्या तोंडापासून ग्रिलच्या मागेपर्यंत गार हवेची वाट करा. ६३ मिमी पाइप पुरतो: १.२ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त ३६०० लिटर हवा घेतं. सरळ भाग पीव्हीसीचा, वळणाला तार असलेली लवचिक होज. सगळाच पाइप कडक ठेवून बॉडीला आवळलात तर इंजिन हललं की जोड निसटतो किंवा डब्याचं तोंड तडकतं. पीव्हीसी ७५-८० अंशांना मऊ पडतं, म्हणून एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांपासून) लांब, आणि रेडिएटरजवळ वरून फॉइलचं इन्सुलेशन. होज क्लिप स्टेनलेसच्या घ्या. साध्या क्लिप खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजून जाम होतात.

कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासून पाइप धुऊन वाळवा. फिल्टर ते थ्रॉटल (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणारी हवेची झडप) या भागाला मात्र हात लावू नका. तिथे भोक पडलं तर धूळ थेट सिलिंडरमध्ये.

मिरगाचा_पाऊस: बंपरमागे खाली? कोकणात? अजिबात नको. साचलेल्या पाण्यातून गाडी घातली की समोर लाट उठते आणि पाइप स्ट्रॉसारखं पाणी ओढतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा सेल मारू नका.

नव्या पाइपचं तोंड कंपनीच्या तोंडापेक्षा खाली नको. पाइपच्या सर्वांत खालच्या जागी, फिल्टरच्या आधी, ६ मिमीचं भोक ठेवा, म्हणजे ग्रिलमधून आलेले शिंतोडे निथळतील. तेवढ्याने लाट मात्र थांबत नाही. मिरगाआधी पाइप काढून ठेवणं उत्तम, दोन क्लिपांचं तर काम.

सेन्सरवाला: ॲव्हरेजचं राहिलं. वाढणार नाही. अर्ध्या थ्रॉटलला इंजिनला लागेल तेवढीच हवा थ्रॉटल आत सोडतो. गार हवेचा उपयोग पूर्ण थ्रॉटलला. ६५ अंशांऐवजी ३५ अंशांची हवा मिळाली तर घनता साधारण ९-१० टक्क्यांनी वाढते. पण बऱ्याच गाड्यांचा मूळ डबा आधीच ग्रिलमागून हवा घेतो, मग हाती फारसं काही लागत नाही.

म्हणून आधी मोजा. ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावून सेन्सरची रीडिंग दाखवणारं) लावून मोबाइलवर इनटेकचं तापमान बघा. ६० च्या स्पीडला दहा मिनिटं चालवल्यावर ते बाहेरच्या हवेपेक्षा ५-७ अंशच जास्त असेल तर पाइपवर पैसे घालवू नका. ट्रॅफिकमधलं रीडिंग धरू नका, तिथे कुठलाही इनटेक तापतो.

खाडीकाठ: आणि तेल लावलेला कापडी फिल्टर डब्यातच बसवला तर?

सेन्सरवाला: डब्यानंतरच्या नळीत एमएएफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) असेल तर जपून. तेल जास्त झालं तर त्याच्या तारेवर बसतं, रीडिंग चुकतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. आपल्याकडच्या धुळीला कागदी फिल्टरच बरा.