रे: रक्तातला मायक्रोआरएनए नक्की आला कुठून?

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की घोड्याच्या रक्तात मिर-१ किंवा मिर-१३३ हे मायक्रोआरएनए (जनुकांवर लगाम ठेवणारे आरएनएचे छोटे तुकडे) वाढलेले दिसले म्हणजे स्नायूला मार बसलाय. बरोबर आहे, हे दोन्ही स्नायूंचेच, तसा मिर-१२२ यकृताचा. पण सगळ्यांचं असं नसतं हो, जेमतेम २२ अक्षरांचे (म्हणजे आरएनएच्या २२ घटकांचे) हे तुकडे, त्यातले बरेचसे थोडेफार सगळ्याच अवयवांत सापडतात.

खरी गोची रक्तपेशींची आहे. मिर-४५१ आणि मिर-४८६ तांबड्या पेशींत खच्चून भरलेले असतात, त्यामुळे सॅम्पल काढताना थोड्या पेशी जरी फुटल्या तरी प्लाझ्मातले (पेशी वगळून उरलेल्या रक्तद्रवातले) आकडे उगाच फुगतात आणि आपण बसतो आजार शोधत! घोड्याचा प्लाझ्मा मुळातच चांगला पिवळाधमक असतो, त्यात फुटलेल्या पेशींची हलकी गुलाबी झाक नुसत्या डोळ्यांना पटकन कळतही नाही, म्हणून मशीनवर हिमोग्लोबिन मोजलेलं बरं.

अजून एक, घोडा पळाला की प्लीहा आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते, हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) ४० वरून ६० च्या पुढे जातो. मग शर्यतीआधीचं न् नंतरचं पूर्ण रक्त थेट कसं ताडून बघणार? त्या सॅम्पलमध्ये पेशींचं प्रमाणच बदललेलं असतं ना.