'सारखी गाठ' म्हणजे कुणाच्या मते सारखी?

आकडेमोड:
स्तनांच्या सोनोग्राफीत समोरच्या गाठीसारख्या जुन्या गाठी शोधून, त्यांच्या बायोप्सीच्या निकालांसकट पुढ्यात ठेवणारी सॉफ्टवेअर्स आहेत. 'सारखी' म्हणजे काय, हे त्यांना बरेचदा रेडिओलॉजिस्टांनी दिलेल्या गुणांवरून शिकवतात. आता समजा, एकाच जोडीला एकाने दहापैकी आठ दिले, दुसऱ्याने चार, आणि महिन्याभराने पहिलाच सहावर आला. मग शिकवायचं काय? माझं मत: ज्यांचा बायोप्सीचा निकाल एक, त्या गाठी सारख्या. विषय संपला.

रात्रपाळी:
अजिबात पटलं नाही. म्युसिनस कार्सिनोमा हा कॅन्सर कधीकधी इतका गुळगुळीत कडांचा असतो की फायब्रोअॅडेनोमाच (कॅन्सर नसलेली साधी गाठ) वाटावा. तुमच्या हिशोबाने तो काटेरी कडांच्या, मागे काळी सावली पाडणाऱ्या कॅन्सरशेजारी बसणार. अशी जोडी पडद्यावर आली तर मी त्या सॉफ्टवेअरकडे पुन्हा बघणार नाही. मला तो फायब्रोअॅडेनोमाच्या रांगेतच दिसायला हवा. तरच 'दिसतेय साधी, पण...' अशी पाल मनात चुकचुकेल.

आकडेमोड:
दिसण्यावरच तर एकमत नाही! बायरॅड्सने, म्हणजे स्तनांच्या तपासणीचे अहवाल लिहिण्याच्या प्रमाण पद्धतीने, 2003 मध्ये सोनोग्राफीसाठी शब्द ठरवून दिले. गाठ आडवी की उभी, यावर फारसं भांडण होत नाही. कडा पुसट की बारीक कंगोऱ्यांची, इथे घोडं अडतं. आणि नेमकी कडाच महत्त्वाची.

तिसराडोळा:
मुळात प्रश्नच चुकीचा विचारला जातोय. एकाचा हात सढळ, दुसऱ्याचा आखडता. म्हणून आठ आणि चार. जोड्यांचा क्रम लावायला सांगा, दोघांचा बराचसा जुळेलही. त्यापेक्षा तीन चित्रं ठेवा आणि विचारा: पहिलीला जवळची दुसरी की तिसरी? शिवाय कोहेनचा 1960 चा साधा कप्पा (दोघांचं एकमत किती, ते मोजणारा संख्याशास्त्रातला आकडा) इथे लावूच नये. आठ-सात आणि आठ-एक हे दोन्ही त्याला सारखेच मतभेद. फरकाला वजन देणारा कप्पा त्यानेच 1968 मध्ये मांडला, तो कशासाठी?

रात्रपाळी:
तीन चित्रं चालतील, पण 'कशात जवळची' तेही विचारा. आकारात दुसरी, कडेत तिसरी, असं हमखास होतं. त्यात चित्र एकच, गोठवलेलं. प्रत्यक्षात प्रोब जरा फिरवला की तीच कडा वेगळी दिसते.

आकडेमोड:
मग सरासरी काढून मतभेद झाकू नका, पाचातले तिघं इकडे आणि दोघं तिकडे असं सरळ दाखवा. बायोप्सीचा आग्रह मात्र मी सोडणार नाही.

रात्रपाळी:
नका सोडू. निकाल चित्राखाली छापा, शोधताना वापरू नका.