सकाळच्या फॉरवर्डमधलं हेलिकॉप्टर

सुधाकरकाका (बी-४०३): सुप्रभात 🙏 व्हिडिओ शेवटपर्यंत बघाच. इजिप्तच्या देवळात तीन हजार वर्षांपूर्वी कोरलेलं हेलिकॉप्टर! ग्रॅनाइटला गोल भोकं! पिरॅमिडच्या काळात लोखंडाची हत्यारं नव्हती, म्हणे तांब्याने कापलं. परब, तुमचा धंदाच हा. दाखवा कापून.

परब (डी-१०१): काका, तांबं कापतच नाही, वाळू कापते. आमच्याकडे ग्रॅनाइटचे ठोकळे गँगसॉवर, म्हणजे करवतीच्या मोठ्या मशीनवर, चिरतात ना, त्या पात्याला दात नसतात. वरून पाणी, चुना आणि पोलादाची बारीक कणी सोडायची. पातं नुसतं ती कणी मागेपुढे ओढतं. त्यांनी पोलादाच्या जागी वाळू घेतली. भोकाला तांब्याची नळी. नळी झिजते, दगडही झिजतो. वेळ मात्र मरणाचा लागतो.

नेहा (सी-२०४): डेनिस स्टॉक्स नावाच्या इंग्रज संशोधकाने तांब्याची नळी आणि वाळू वापरून ग्रॅनाइटला खरंच भोकं पाडून दाखवलीत. आणि काका, ते हेलिकॉप्टर अबायडोसच्या देवळातलं. आधी पहिल्या सेती राजाची बिरुदं कोरली होती. पुढे मुलाने, दुसऱ्या रामसेसने, ती गिलाव्याने बुजवून वर स्वतःची कोरली. गिलावा पडला आणि दोन्ही अक्षरं एकात एक दिसायला लागली. आपल्या गेटवरच्या पाटीचा रंग उडाल्यावर दोन चेअरमनांची नावं मिसळली होती, तसं.

सुधाकरकाका: त्या पाटीचा विषय नको 😄 पण पिरॅमिड आम्ही बांधला असं कुणी लिहून ठेवलंय का? नाही ना!

नेहा: ठेवलंय की. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला पपायरस, म्हणजे त्यांचे जुने कागद, सापडले. गिझाचा मोठा पिरॅमिड ज्याचा, त्या खुफू राजाच्या काळातले. मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे त्यात. तुरा गावच्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरायचे, गिझाला उतरवायचे, परत जायचं. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. आज मुक्काम कुठे, उद्या कुठे, सगळं टिपलेलं.

सेक्रेटरी: उद्या गच्चीवरची टाकी धुणार. १० ते १ पाणी बंद.

सुधाकरकाका: अहो, इथे साडेचार हजार वर्षांचा विषय चाललाय!

शुभांगीताई (ए-३०२): आम्ही इजिप्तमध्ये अस्वानला गेलो होतो. खाणीत अर्धवट कोरलेला ओबेलिस्क, म्हणजे उंच दगडी खांब, तसाच आडवा पडलाय, ४२ मीटर लांब, हजार टनांच्या वर. गाइडने यांच्या हातात काळा गोटा दिला, डोलेराइटचा. म्हणाला, ठोका. पाच मिनिटांत हे घामाघूम आणि खाली चिमूटभर भुकटी. आजूबाजूचा सगळा खडक असाच ठोकून खोदलाय, वाडग्यासारखे खळगे दिसतात.

परब: तो सोडून का दिला, ते सांगा ताई.

शुभांगीताई: तडा गेला म्हणून.

परब: बघा! एवढं ठोकल्यावर तडा. पोटात गोळा आला असेल मुकादमाच्या. आमचा परवा एका ओट्याचा स्लॅब बेसिनच्या कोपऱ्यात गेला, तर गिऱ्हाईक चार दिवस बोललं नाही.

सुधाकरकाका: बरं, मग मोठ्या पिरॅमिडमधल्या राजाच्या दालनावरच्या त्या ग्रॅनाइटच्या तुळया? त्या वर कशा चढवल्या?

नेहा: उतार बांधून, म्हणजे रॅम्प, इथपर्यंत बहुतेकांचं जमतं. तो सरळ होता की वळत जाणारा, यावर अभ्यासकांत अजून भांडणं आहेत. काही तुळया ५० टनांच्याही वरच्या आहेत.

सुधाकरकाका: हेच म्हणतोय मी!! तिथेच तर गोम आहे. थांबा, दुसरा व्हिडिओ टाकतो.

शुभांगीताई: टाका. आणि परब भाऊजी, डी-५०२ मधलं ड्रिल दुपारी दोन ते चार बंद ठेवायला सांगा हं. तांब्याचं असलं तरी.